रक्तदाबशामक औषधे व लालास्रवण

अतिरक्तदाबावरील अनेक औषधांमुळे लाळेचे प्रमाण किंवा तिचे रासायनिक संघटन बदलते. याचे कारण तंत्रिका तंत्राच्या रचनेत आहे. लाला ग्रंथींवर परानुकंपी व अनुकंपी अशा दोन्ही तंत्रिकांचे नियंत्रण असते. पहिलीच्या उद्दीपनाने विपुल व पातळ, तर दुसरीच्या उद्दीपनाने अल्प व प्रथिनयुक्त लाळ स्रवते. लालास्रवण तंत्रिकांच्या अधीन असल्याचे कार्ल लूटव्हिख या जर्मन शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८५१ मध्ये दाखविले. रक्तवाहिन्यांचे आकुंचनही अनुकंपी तंत्रिकाच घडवितात. त्यामुळे रक्तदाब कमी करण्यासाठी या तंत्रिकांवर योजलेल्या औषधांचा परिणाम तोंडापर्यंत पोहोचणे अपरिहार्य होते.

या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात पूर्वापार वापरात होती. तिच्या मुळ्यांचा रक्तदाबावरील परिणाम गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदविला होता. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयविकारतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनामुळे अनुकंपी तंत्रिकाग्रांतील नॉरॲड्रेनॅलिनाचा साठा रिता होतो व परानुकंपी क्रिया वरचढ ठरते. परिणामी नाक चोंदते व काही रुग्णांत लाळ वाढते. काहींत मात्र तोंड कोरडे पडते. उंदरांना हे औषध दीर्घकाळ दिल्यास लाळेतील कॅल्शियम व प्रथिने वाढतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

याच सुमारास वापरात आलेली हेक्झामेथोनियमासारखी औषधे दोन्ही प्रकारच्या तंत्रिकांच्या गुच्छिकांतील संदेशवहन रोखीत. त्यामुळे तोंडास तीव्र कोरड पडे, बद्धकोष्ठ होई व दृष्टी धूसर होई. जर्मनीत १९६६ मध्ये विक्रीस आलेले क्लोनिडीन मुळात नाक मोकळे करण्यासाठी तयार केले होते; ते मेंदूतील केंद्रांवर कार्य करते व मुखशुष्कता हा त्याचा ठळक उपद्रव होय. १९६० नंतरच्या दशकात आलेल्या प्रोप्रॅनोलॉलासारख्या बीटा-रोधक औषधांचा परिणाम वेगळा आहे : लाळेचे आकारमान फारसे घटत नाही, परंतु तिच्यातील प्रथिने व अमायलेज हे एंझाइम कमी होते. मूत्रल औषधांनी शरीरातील पाणी व लवणे घटून काहींना तोंड कोरडे जाणवते. कॅप्टोप्रिलाने तोंडाची चव बिघडू शकते.

हे उपद्रव क्षुल्लक मानणे योग्य नाही. लाळेतील बायकार्बोनेट अम्लांचे उदासिनीकरण करते आणि कॅल्शियम व फॉस्फेट दातांच्या एनॅमलाचे रक्षण करतात. लाळ दीर्घकाळ कमी राहिल्यास दंतक्षय व कवकजन्य संसर्ग वाढतात आणि कवळी नीट बसत नाही. शिवाय अतिरक्तदाबाची स्वतःची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत, औषधाचा त्रास मात्र रोज जाणवतो. त्यामुळे काही रुग्ण औषध सोडून देतात व पक्षाघाताचा धोका ओढवून घेतात. औषध परस्पर बंद न करता वैद्याच्या सल्ल्याने मात्रा वा औषध बदलणे, वारंवार पाणी पिणे व दातांची नियमित तपासणी करणे हेच त्यावरील उपाय होत. तंत्रिकांऐवजी रक्तवाहिन्या वा मूत्रपिंडे यांच्याशी संबंधित क्रियांवर कार्य करणारी औषधे प्रचारात आल्यावर मुखशुष्कतेची तीव्रता पुष्कळ कमी झाली आहे.