पाझर तलावाची माती

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आजी सांगायची, तेव्हा त्यात उपासमारीपेक्षा कामच जास्त असायचं. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं कवडीमोलानं विकलेली, रेशनवर परदेशातला लाल मिलो. सोलापूरकडच्या आमच्या गावची बायामाणसं पाझर तलावाच्या कामावर गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती.

चौकडी खणायची, पाटी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवून माती बांधावर नेऊन टाकायची. खोली कळावी म्हणून चौकडीत मातीचा एक खुंट न खोदता ठेवत. मुकादम त्याला टेप लावायचा आणि त्यावर मजुरी ठरायची. आजीच्या टोळीतली एक बाई सात महिन्यांची पोटुशी होती. तिच्या वाट्याची माती बाकीच्यांनी आळीपाळीनं उपसली आणि आठवड्याच्या पगाराची वाटणी सारखीच केली.

बांधाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा भरतात. थरावर थर, पाणी मारून, धुमसानं चोपून. आत ढेकूळ किंवा मूळ राहिलं, की पाणी नेमकी तिथूनच वाट काढतं. मजुरी मापावर होती, मुळं वेचण्याचे पैसे कुणी देत नव्हतं. तरी या बायका टाकलेली माती हातानं चाचपायच्या, मुळं उपटून फेकायच्या. का, असं विचारलं तर आजी म्हणायची, "हिरीला पानी येईल ते आपल्याच लेकरांनी प्यायचं हाय. मंग कुचराई करायची कुनासंगं?" कामाचं थोरपण मला या उत्तरात दिसतं.

असं काम हक्कानं मिळावं, मागेल त्याला काम, ही कल्पना विसापूरच्या वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ मध्ये राज्यानं रोजगार हमीचा कायदा केला, २००५ मध्ये देशानं. पागे यांचं नाव इतिहासात आहे, ते हवंच. पाट्या वाहणाऱ्यांची नावं मात्र हजेरीपटाबाहेर कुठं लिहिली गेली नाहीत. आमच्या तलावाखालच्या विहिरींना आजही पाणी आहे.

तुमच्याही गावात बहात्तरचा एखादा तलाव, नालाबांध किंवा रस्ता असेल. त्यावर राबलेली माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडताहेत. त्यांच्याजवळ बसा, नावं विचारून लिहून घ्या आणि ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.