सरावाचे मैदान : विद्यार्थी रोबोटिक्स स्पर्धांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण (विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा)

प्रस्तावना

१९८३ हे वर्ष विदर्भातील तंत्रशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. याच वर्षी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली, राज्यात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू करण्यास परवानगी मिळाली आणि बुलढाणा जिल्ह्यात शेगाव येथे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे मलकापूर, चिखली आणि बुलढाणा येथेही अभियांत्रिकी शिक्षणाची सोय झाली. कापूस, ज्वारी आणि पुढे सोयाबीन पिकविणाऱ्या या जिल्ह्यातील मुले इलेक्ट्रॉनिक्स व यंत्र अभियांत्रिकी शिकू लागली, तो काळ आणि आशियात विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धा रुजण्याचा काळ एकमेकांस फार दूर नाहीत.

या स्पर्धांविषयी जे लेखन आढळते ते बहुधा यंत्राविषयी असते. कोणती मोटर, कोणता नियंत्रक, कोणता संघ विजयी, एवढ्यावर ते थांबते. यंत्र ज्यावर चालवून पाहिले जाते त्या सरावाच्या मैदानाचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः स्पर्धेत कोणत्या गावचे महाविद्यालय उतरू शकते आणि कोणते नाही, याचा निर्णय बऱ्याच वेळा मैदानाच्या खर्चाने झालेला आहे. मोटर पुण्याहून मागविता येते. मैदान मागविता येत नाही, ते जागेवरच बांधावे लागते. प्रस्तुत लेखात या मैदानाचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

मैदानाची कल्पना

स्पर्धेतून यंत्ररचना शिकविण्याची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे वूडी फ्लॉवर्स यांच्या अध्यापनातून नावारूपास आली. विद्यार्थ्यांना किरकोळ सामानाची एकसारखी पिशवी द्यायची आणि त्यातून यंत्र करून परस्परांशी झुंजवायचे, अशी ती पद्धत होती. जपानमध्ये मासाहिरो मोरी यांनी तिला वेगळे वळण दिले आणि १९८८ पासून एनएचके या प्रसारण संस्थेने तिथल्या तंत्रविद्यालयांसाठी स्पर्धा सुरू केली. सामान सर्वांना सारखे, ही कल्पना येथे पक्की झाली. मैदान सर्वांना सारखे मिळते का, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही.

१९९२ साली अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘फर्स्ट’ संस्थेची पहिली स्पर्धा झाली. तीत २८ संघ होते आणि मैदानावर मक्याच्या दाण्यांचा सुमारे दीड इंच जाडीचा थर पसरलेला होता. त्यावरून यंत्रांनी चालायचे होते. हा तपशील बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला गमतीचा वाटेल. इतके महागडे तंत्रज्ञान आणि सरावासाठी लागणारे साहित्य म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावरचा मका! त्यानंतरच्या स्पर्धांचे मैदान मात्र खळ्यापासून दूर जात राहिले.

पुण्याचे मैदान

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ मध्ये टोकियो येथे सुरू झाली. दरवर्षी यजमान देश आपल्या परंपरेतील विषय निवडतो आणि त्यानुसार मैदान नव्याने आखले जाते. भारतात या स्पर्धेचे सूत्र दूरदर्शनकडे होते आणि पुण्यातील एमआयटी या संस्थेच्या सहभागाने राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे बालेवाडी क्रीडा संकुलात होत असे. २००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धाच पुण्यात भरली. तिचा विषय होता ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी. उंचावर टांगलेल्या मडक्यांपर्यंत पोहोचून लोणी काढण्याचे काम यंत्रांना दिले होते. चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली. २०१४ मध्ये पुन्हा पुण्याला मान मिळाला. त्या वेळी पालकत्व हा विषय होता आणि मैदानावर सी-सॉ, झोका, खांबांवरून चालण्याची वाट आणि चढण्याची जाळी अशी बालोद्यानातील साधने होती. पालक-यंत्राने बालक-यंत्राला खेळवायचे होते.

या दोन्ही विषयांचे स्वागत झाले ते योग्यच होते. तथापि एक गोष्ट नजरेआड होऊ नये. विषय जितका आपल्या मातीतला, तितके मैदान स्वस्त झाले असे घडले नाही. झोका बागेतला असला तरी स्पर्धेतला झोका नियमपुस्तिकेतील मापाने, मिलिमीटरमध्ये, वेल्डिंग करून घ्यावा लागतो. शिवाय पुढच्या वर्षी विषय बदलतो. व्हॉलीबॉलचे मैदान एकदा आखले की पिढ्यान्‌पिढ्या चालते. रोबोकॉनचे मैदान एका हंगामाचे असते.

पन्नास शीटचा हिशेब

खर्चाचा अंदाज यावा म्हणून साधे गणित मांडता येईल. २०२२ च्या स्पर्धेचे मैदान १२ मीटर लांब व १२ मीटर रुंद, म्हणजे १४४ चौरस मीटर होते. बाजारात मिळणारी प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फुटांची, म्हणजे जेमतेम तीन चौरस मीटरची असते. तळ पूर्ण झाकायचा तर एका दिशेने पाच आणि दुसऱ्या दिशेने दहा अशा पन्नास शीट लागतात. खालच्या लाकडी पट्ट्या, कडेचे कठडे, रंग आणि सुताराची मजुरी वेगळी. त्यातही खांबांचा अडथळा नसलेली १२ मीटर रुंद बंदिस्त जागा तालुक्याच्या गावी मुख्यतः मंगल कार्यालयात सापडते आणि राष्ट्रीय फेरी पूर्वी ज्या मार्च महिन्यात होत असे तो लग्नसराईला लागून येतो.

या अडचणीतून संघांनी जे मार्ग काढले त्यात अर्धे मैदान बांधण्याचा मार्ग सर्वांत जुना म्हणावा लागेल. लाल आणि निळा अशा दोन बाजू समसमान असल्याने एकच बाजू बांधली की पंचवीस शीटमध्ये भागते. वरवर पाहता ही शुद्ध बचत आहे. परंतु दोन बाजू आरशातील प्रतिबिंबासारख्या असतील तर लाल बाजूचे डावे वळण निळ्या बाजूला उजवे होते. प्रोग्रॅममध्ये चिन्हे उलटी करून हे साधता येते. यंत्राच्या शरीराचे तसे होत नाही. एका चाकाची पकड किंचित कमी असेल, हात एका बाजूला बसविलेला असेल, तर एका बाजूवर रुळलेले यंत्र दुसऱ्या बाजूवर बिचकते. अर्ध्या मैदानावर वाचविलेले पैसे संघाला प्रत्यक्ष स्पर्धेत, निळी बाजू वाट्याला आल्यावर, चुकते करावे लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे प्लायवूड टाळून थेट फरशीवर रेषा आखणे. काळी इन्सुलेशन टेप आणि मोजपट्टी एवढ्यावर हे होते. पण फरशीचे सांधे गडद असतात आणि रेषा ओळखणारा सेन्सर सांध्यालाही रेषा समजतो. खिडकीतून येणारे ऊनही घातक, कारण सकाळी ठरविलेले प्रकाशाचे मोजमाप दुपारी चुकते. २००५ नंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागात भारनियमनाचा जाच होता, हे लक्षात घेतले तर सरावाची वेळ ठरविणे विद्यार्थ्यांच्या हातात कितपत होते याची कल्पना येते.

शालेय स्पर्धांनी हा प्रश्न नकळत सोडविला होता. फर्स्ट लेगो लीग आणि वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड यांच्या चटईचे माप अनेक वर्षे २३६२ बाय ११४३ मिलिमीटर राहिले. ती प्लायवूडच्या एकाच शीटवर मावते आणि कडेला पट्टी ठोकायला जागाही उरते. पन्नास शीट आणि एक शीट, या दोन आकड्यांमध्ये स्पर्धेचे दार कोणासाठी उघडे आहे ते दिसते. अर्थात या स्पर्धांचे यंत्रसंच महाग असल्याने मैदानात झालेली बचत तिकडे खर्च होई, हेही तितकेच खरे.

फ्लेक्सचे मैदान

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘ई-यंत्र’ प्रकल्प वेगळा ठरतो. प्रा. कवी आर्य आणि प्रा. कृती रामम्रितम यांच्या पुढाकाराने आणि केंद्र शासनाच्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या निधीतून हा प्रकल्प उभा राहिला. त्याची रोबोटिक्स स्पर्धा २०१२ मध्ये सुरू झाली. चार विद्यार्थ्यांच्या संघाला यंत्रसंच विनामूल्य पाठविला जाई. मैदानाचा आराखडा फाइलच्या रूपाने मिळे आणि तो संघाने आपल्या गावच्या दुकानात फ्लेक्सवर छापून घ्यायचा असे. २०१८ च्या हंगामात तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीवर बेतलेला विषय होता. त्याचेही मैदान असेच छापून घेण्याचे होते.

फ्लेक्स छपाईची यंत्रे तालुक्याच्या गावी आली ती स्पर्धांसाठी नव्हे. वाढदिवस, निवडणुका, दहावीचे गुणवंत आणि श्रद्धांजली यांच्या फलकांनी हा व्यवसाय वाढविला. फ्लेक्स-संस्कृतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती वाजवी आहे. तथापि त्याच यंत्रातून चिखलीच्या किंवा मेहकरच्या विद्यार्थ्याला मुंबईतील विद्यार्थ्याच्या मैदानाशी रेषेगणिक जुळणारे मैदान मिळू शकले, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. सामान सर्वांना सारखे ही जुनी कल्पना येथे मैदानापर्यंत पोहोचली.

फ्लेक्सची स्वतःची दुखणीही होती. चकचकीत फ्लेक्सवरून प्रकाश परावर्तित होऊन काळी रेषाही पांढरी भासते, म्हणून मंद पृष्ठभागाचा फ्लेक्स लागतो. दुकानदाराने फलकाच्या सवयीने आराखडा थोडा ताणून किंवा आवळून छापला तर प्रत्येक अंतर चुकते. छापल्यावर लगेच टेपने मोजून घेणे हाच त्यावर उपाय. घडी घातलेल्या फ्लेक्सची सुरकुती लहान चाकाला उंबरठ्यासारखी अडते, त्यामुळे तो पाइपवर गुंडाळून ठेवावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो सैल पडून फुगतो. तरीही गुंडाळून कपाटामागे उभे करता येणारे आणि बसच्या टपावर टाकून नेता येणारे मैदान त्यापूर्वी नव्हते. बुलढाणा या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही, हे येथे विसरता येत नाही.

पडद्यावरचे मैदान आणि लगोरी

२०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली. ई-यंत्रच्या २०२०-२१ च्या हंगामातील अनेक विषय संगणकीय अनुकरणावर, म्हणजे सिम्युलेशनवर आधारित होते. मैदानाचा खर्च शून्यावर आला; त्याऐवजी चांगला संगणक आणि अखंड इंटरनेट हवे झाले. पडद्यावरच्या जमिनीला धूळ नसते, सांधा नसतो आणि बॅटरी उतरल्याने यंत्र मध्येच थांबतही नाही. ही पिढी प्रोग्रॅम लिहिण्यात निःसंशय पुढे गेली. चाक घसरते म्हणजे काय, हे मात्र तिला उशिरा कळले. रोबोकॉनची २०२१ ची स्पर्धा दूरस्थ पद्धतीने झाली तेव्हा उलटेच घडले : संघ आपल्याच ठिकाणी खेळल्यामुळे सरावाचे मैदान हेच स्पर्धेचे मैदान झाले.

२०२२ मध्ये यजमानपद पुन्हा भारताकडे, या वेळी नवी दिल्लीकडे आले. विषय होता ‘लगोरी’. एका संघाने चेंडूने लगोरी फोडून ती पुन्हा रचायची, दुसऱ्याने चेंडू मारून त्यास अडवायचे. बुलढाणा जिल्ह्यातील मुलांनी हा खेळ कवेलूच्या तुकड्यांवर, कुठल्याही मोकळ्या जागेत, एक पैसाही न खर्चता खेळलेला आहे. त्याच खेळाच्या यंत्रावृत्तीत क्रमाने लहान होत जाणाऱ्या पाच चकत्या होत्या आणि खाली पन्नास शीटचे मैदान.

अशा मैदानांचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. यंत्राला प्रयोगशाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये क्रमांक मिळतो, चषकाला प्राचार्यांच्या दालनात काचेचे कपाट मिळते. मैदान कोणत्याच शीर्षात बसत नाही. प्लायवूड, खिळे, रंग आणि टेप ही खर्चिक साहित्यात दाखविली जातात आणि वर्षअखेर निकाली निघतात. प्रत्यक्षात शीट वाया जात नाहीत. त्यांचे स्नेहसंमेलनाचे व्यासपीठ होते, सूचनाफलक होतो, वसतिगृहातील टेबलाचा माथा होतो. फ्लेक्स पावसाळ्यात कोणाच्या तरी सोयाबीनच्या गंजीवर जातो, काळ्या रेषा आत आणि पांढरी बाजू वर. नोंदवहीत उरते ते दुकानदाराचे बिल, आणि त्यावर ‘मैदान’ हा शब्द नसतो.