अवमान नोटिशीची कुळकथा

बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणातला आरोपी 23 सप्टेंबर 2024 रोजी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. 7 एप्रिल 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने संबंधित पोलिसांच्या तपासासाठी विशेष पथक नेमायला सांगितलं. अडीच आठवडे झाले तरी कागदपत्रं पथकाच्या हाती पडली नाहीत. 25 एप्रिलला खंडपीठाने अवमानाच्या कारवाईचा इशारा दिला आणि त्याच दिवशी फायली हलल्या. पथक नेमण्याचं काम पुढे सर्वोच्च न्यायालयाने पोलीस महासंचालकांकडे सोपवलं. न्यायालयाजवळ ना फौज, ना खजिना. मग ही जरब आली कुठून?

आपल्याकडे ती सहजासहजी आलेली नाही. पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांना मोरो रघुनाथ या मुलाला कोर्टापुढे हजर करण्याचा हुकूम केला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो अमलात येऊ दिला नाही. दोन न्यायाधीश 1828 मध्येच वारले होते. मागे उरलेल्या सर जॉन पीटर ग्रँट यांनी 1 एप्रिल 1829 रोजी कोर्टाचं कामकाजच थांबवलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कौल दिला तो गव्हर्नरच्या बाजूने: मुंबईबाहेरच्या अशा रयतेवर या कोर्टाचा अधिकार नाही. कारभारी अडून बसला तर स्वतःचं दार लावून घेण्यापलीकडे न्यायाधीशाच्या हाती काही नव्हतं, आणि त्याची झळ पक्षकारांनाच बसली.

ही उणीव संविधानाने भरून काढली. अनुच्छेद 226 मुळे उच्च न्यायालय थेट सरकारला आदेश देऊ शकतं, तर अनुच्छेद 215 मुळे अवमानाची शिक्षा देऊ शकतं. 1971 च्या कायद्यात कमाल शिक्षा सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. दंड किरकोळच, पण तो सोसायचा असतो नाव असलेल्या माणसाला. सरकारला कोठडीत घालता येत नाही, सचिवाला घालता येतं. 10 मे 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव राहिलेले अशोक खोत यांना एकेक महिन्याची साधी कैद सुनावली. बंदीचा आदेश असताना आरागिरण्यांना परवानगी दिली गेली होती.

पैशाच्या निकालांसाठी दुसरी वाट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 नुसार सरकारने तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तर वसुलीची दरखास्त चालते. भूसंपादनाचा मोबदला थकला की बेलिफ वॉरंट घेऊन कलेक्टर कचेरीत शिरतो, टेबल, खुर्च्या, संगणक, गाडी यांची यादी करू लागतो, आणि अडकलेल्या चेकची चर्चा तासाभरात सुरू होते.

उल्हासनगरात मात्र अवमानाच्या हत्याराची मर्यादा दिसली. उच्च न्यायालयाने 855 बेकायदा इमारतींवर हातोडा चालवायला सांगितलं. हजारो संसार रस्त्यावर येण्याची वेळ आली, तेव्हा 2006 मध्ये राज्याने खास उल्हासनगरपुरता कायदा करून दंड भरून घरं नियमित करण्याची सोय केली. आदेशाखालचा कायदाच बदलला, तर अवमान कोणाचा धरणार? विधिमंडळाला तो अधिकार आहे. पण तो वापरायचा तर सभागृहात, उघडपणे. फाईल दाबून ठेवणं हा कोणाचाही अधिकार नाही.

म्हणून निकाल हाती आला की काम संपलं असं समजू नका. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं, हे आदेशातच लिहून मागा. निकालाची प्रमाणित प्रत त्या अधिकाऱ्याला पोहोच घेऊन द्या. मुदत टळली तर थांबू नका: अवमानाची कारवाई एका वर्षाच्या आतच सुरू व्हावी लागते.