सांता मोनिकाचा चौक

आमच्या भिवंडीकडं जुनी जोती काळ्या दगडाची. जुन्या गोव्यात गेलो तर सगळीकडं तांबडा जांभा. त्यातच एक तीन मजली भक्कम वास्तू दिसली. सांता मोनिका, नन बायांचं जुनं कॉन्व्हेंट.

आर्चबिशप मिनेझेस यांनी 1606 साली काम काढलं, ते 1627 ला पुरं झालं. 1636 ला आग लागली. पुढच्याच वर्षी पुन्हा बांधायला घेतलं. मधोमध चौक, भोवती कमानींच्या पडव्या, बाहेरून भिंतींना जाडजूड धिरे. आत यायचं तर मुलीनं हुंडा आणायचा. म्हटलं, लग्नालाही हुंडा अन् देवालाही हुंडाच!

तेव्हा आत्या आठवली. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. माजघरामागची एक खोली, पुढं पन्नास वर्षं तीच. लावणीला सगळ्यांच्या आधी शेतात. पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही. भिंतीनं आसरा दिला अन् अडवलंही.

1834 ला पोर्तुगीज सरकारनं मठ बंद केले. पुरुषांना बाहेर काढलं. इथल्या बायांना मरेपर्यंत राहू दिलं, पण नवी कुणी घ्यायची नाही. शेवटची नन 1885 ला गेली अन् चौक सुना झाला. 1964 पासून तिथं पुन्हा सिस्टर शिकायला येतात.

आत्याच्या खोलीत आता भाताची पोती आहेत. गोव्याहून आलो अन् लेकीच्या नावानं दहा गुंठ्यांचं बक्षीसपत्र केलं. आत्याला उशीरच झाला.