सुएटचे गोत्र

मँचेस्टरला शिकत असताना ज्या घरी मी भाड्याने राहत होतो, त्या घरच्या मालकीणबाई हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी गाईच्या मूत्रपिंडाभोवतालच्या चरबीचा एक थंडगार गोळा घेऊन ओट्यापाशी उभ्या राहत, आणि त्यावरचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा नखाने सोलून काढला की आत जी कोरडी, भुसभुशीत, बोटांनी चुरता येणारी वस्तू उघडी पडे, तिला त्या सुएट म्हणत. ती वस्तू माझ्या आहारातली नव्हती, तरी तिच्या हाताळणीतले कौशल्य पाहण्याचा मोह मला कधी आवरला नाही. बाई तिची पारख रंगावरून करीत. जनावर मोकळ्या कुरणात गवतावर वाढलेले असले की चरबीला फिकट पिवळी झाक येते, कारण गवतातले कॅरोटिन गाईच्या मेदात साठून राहते. गाईचे तूप पिवळे आणि म्हशीचे पांढरे दिसते त्याचे मर्मही हेच, की म्हैस त्या कॅरोटिनचे अ-जीवनसत्त्व करून टाकते आणि गाय त्यातले पुष्कळसे जसेच्या तसे ठेवते.

तो चुरा एकमेकाला चिकटू नये म्हणून बाई त्यावर पीठ भुरभुरवीत, मग त्याच्या दुप्पट वजनाचे पीठ, चिमूटभर मीठ आणि थंड पाणी घालून हलक्या हाताने कणीक भिजवीत, ती लाटून तिच्यावर मुरंबा पसरीत, आणि अळूवडीच्या उंड्यासारखी तिची गुंडाळी करून फडक्यात सैलसर बांधून दोन-अडीच तास वाफवीत. पूर्वी या कामी जुन्या सदऱ्याची बाही वापरीत, म्हणून या पदार्थाला ‘सदऱ्याच्या बाहीचे पुडिंग’ असेही नाव पडले होते. आपल्या गृहिणी करंजीच्या पिठात मोहन घालतात ते कडकडीत तापवून, पिठाच्या कणाकणाला माखावे म्हणून. सुएट मात्र थंड आणि घट्ट अवस्थेतच पिठात जाते, आणि त्याचे खरे नाते मोहनाशी नसून चिरोट्याच्या पदरांत घालायच्या साट्याशी आहे. लोणी 32 ते 35 अंशांवर, म्हणजे हाताच्या उबेनेच, वितळू लागते. सुएटला 45 ते 50 अंशांची उष्णता लागते, आणि त्याचा कण सावकाश विरघळेपर्यंत भोवतालची कणीक आपला आकार धरू लागलेली असते, त्यामुळे कण विरघळला तरी त्याची जागा पोकळी होऊन मागे उरते व पुडिंग जाळीदार होते.

या पदार्थाचा सर्वश्रुत इतिहास थोडक्यात सांगून मी पुढे जातो. जनावराच्या आतड्यात भरण्याचे पुडिंग सतराव्या शतकात फडक्यात आले. त्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आलेल्या मिसाँ नावाच्या फ्रेंच प्रवाशाने पुडिंगची तोंडभरून स्तुती करताना त्याच्या घटकद्रव्यांत सुएट आणि अस्थिमज्जा ही दोन्ही नोंदली, आणि चरकाने सांगितलेल्या घृत, तैल, वसा व मज्जा या चार स्नेहांपैकी शेवटचे दोन त्या परक्या पाकशाळेत जोडीने नांदत होते हे पाहून मला विलक्षण आनंद झाला. 1893 साली मँचेस्टरमध्येच गॅब्रिएल ह्यूगाँ या फ्रेंच गृहस्थाने किसलेले तयार सुएट ‘अटोरा’ या नावाने विक्रीस आणले, आणि ते नाव स्पॅनिश भाषेतल्या ‘तोरो’ म्हणजे बैल या शब्दावरून बेतले. एवढे पुरे. माझे सारे कुतूहल या पदार्थाच्या नावात गुंतले आहे, कारण त्या नावाचा माग काढता काढता मी एके रात्री अवचित आपल्या मोरीवरच्या साबणापाशी येऊन पोहोचलो.

सुएट हा शब्द इंग्रजीत आला तो नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये घट्ट चरबीला ‘सिउ’ म्हणत, आणि आपल्या पाकिटाच्या शेवटी जो लघुत्वदर्शक प्रत्यय आहे तोच त्याला लागून सुएट झाले. ‘सिउ’चा बाप लॅटिन ‘सेबुम’. रोमन लोक डुकरासारख्या प्राण्याच्या मऊ चरबीला निराळा शब्द वापरीत आणि शिंगे असलेल्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या घट्ट चरबीलाच सेबुम म्हणत, म्हणजे शब्द आणि वस्तू यांची सांगड दोन हजार वर्षांत फारशी सुटलेली नाही. हा सेबुम मी थोरल्या प्लिनीच्या ‘निसर्गेतिहास’ या इ. स. 77च्या सुमाराच्या ग्रंथात शोधू लागलो, आणि त्याच्या 28व्या भागात मला तो एका अनपेक्षित शेजाऱ्यासह भेटला: गॉल लोक केस तांबूस करण्यासाठी सेबुम आणि राख यांपासून ‘सापो’ नावाचे द्रव्य करतात, त्यातही बीच वृक्षाची राख आणि बकऱ्याची चरबी उत्तम, आणि जर्मन लोकांत ते स्त्रियांपेक्षा पुरुषच अधिक वापरतात, अशी ती नोंद आहे. साबणाचा लॅटिन वाङ्मयातला हा पहिला उल्लेख मानला जातो. सेबुमपासून सापो होतो ही गोष्ट रसायनाची. परंतु वस्तू जशी वस्तूपासून झाली तसा शब्दही शब्दाच्या कुळातला असेल काय, या प्रश्नाने मला त्या रात्री झोप येऊ दिली नाही.

येथे प्रथम एका लोकप्रिय प्रतिपक्षाचा निकाल लावणे प्राप्त आहे. सापो नावाच्या डोंगरावर रोमन लोक पशुयज्ञ करीत, तेथली चरबी व राख पावसाने टायबर नदीच्या चिखलात वाहून येई, त्या चिखलात कपडे स्वच्छ निघतात असे धुणाऱ्या बायकांना आढळले, आणि डोंगराचे नाव साबणाला मिळाले, ही कथा कितीही मनोहर असली तरी असा डोंगर रोमच्या आसमंतात कोठेच नाही. आणि घरच्याच डोंगराचे नाव असते तर प्लिनीने या वस्तूचे श्रेय गॉल लोकांना कशाला दिले असते?

सापो हा शब्द रोमनांनी उत्तरेकडच्या लोकांकडून, बहुधा जर्मनिक भाषांतून, उसना घेतला. त्या भाषांत त्याची नातलग मंडळी विपुल आहेत, आणि त्यांचा अर्थ केवळ साबण असा नाही: जुन्या इंग्रजीत ‘साप’ म्हणजे राळ किंवा अंबर, जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘सैफा’ म्हणजे साबण आणि राळही, आणि याच कुळातल्या क्रियापदाचा अर्थ ठिबकणे, पाझरणे. झाडातून पाझरते ती राळ, आणि विस्तवावर धरलेल्या मेदातून ठिबकते ती चरबी. तेव्हा ‘सेब’ आणि ‘सैप’ या दोन्हींच्या मुळाशी ठिबकण्याचा एकच आदिधातू आहे असे ज्या भाषापंडितांनी मानले त्यांच्या पक्षाला मी मनःपूर्वक मिळालो आहे. या पक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण म्हणजे 1822 साली याकोब ग्रिमने मांडलेला वर्णपरिवर्तनाचा नियम. त्या नियमाप्रमाणे मूळचे मृदू व्यंजन जर्मनिक भाषांत कठोर होते: आपल्या ‘द्वौ’चे इंग्रजीत ‘टू’ झाले, ‘दश’चे ‘टेन’ झाले, आणि ओठवाचक लॅटिन ‘लाबियुम’चे इंग्रजीत ‘लिप’ झाले. त्याच न्यायाने लॅटिन सेबुममधला ‘ब’ जर्मनिकमध्ये ‘प’ व्हावयास हवा, आणि तो तसाच झालेला आहे.

यावर विरोधक असे म्हणतील की, या धातूचा मूळ स्वर लॅटिनमध्ये दीर्घ ‘ई’ व्हावयास हवा होता, म्हणजे शब्द ‘सीबुम’ असता, ‘सेबुम’ नव्हे. आक्षेप हलका नाही. परंतु रोम शहराबाहेरच्या ग्रामीण लॅटिनमध्ये या जागी ‘ए’ उच्चारला जाई, आणि घट्ट चरबी हा तर खाटकांचा, गुराख्यांचा आणि मेणबत्त्या ओतणाऱ्यांचा व्यवहार. तेव्हा हा शब्द खेड्यातून शहरात आला आणि आपला गावठी स्वर घेऊनच आला, हा माझा तर्क आहे, आणि तो मी निःशंकपणे मांडतो. लोणी काढणाऱ्याचा शब्द दरबारी पंडिताने शुद्ध केला असे कोणत्या भाषेत घडते?

आता सापोचा पूर्वेकडचा प्रवास. लॅटिनमधून तो ग्रीकमध्ये ‘सापोन’ झाला, तेथून पश्चिम आशियातल्या भाषांत शिरला, आणि अरबांच्या मुखात ‘प’ नसल्यामुळे, पोर्तुगालचे जसे ‘बुर्तुगाल’ झाले तसा, तो ‘साबून’ झाला. इकडे पोर्तुगीजांनीही आपल्या भाषेच्या स्वाभाविक वळणाने त्याचा ‘साबांव’ केला. म्हणजे दोन्ही वाटांनी ‘प’चा ‘ब’ झाला, आणि म्हणूनच आपला साबण फारसी दप्तराबरोबर आला की पोर्तुगीज गलबतातून उतरला, हा वाद त्या ‘ब’वरून सुटत नाही, त्यासाठी शब्दाचे शेपूट पाहावे लागते. पोर्तुगीज अनुनासिक शेपटाचे मराठीत काय होते याचे दोन साक्षीदार आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत, एक ‘पाव’ आणि दुसरा ‘लिलाव’; त्यांच्या पंक्तीला बसता तर आपण आज ‘साबाव’ लावून आंघोळ केली असती. उलट शेवटी ‘ण’ आहे, आणि फारसी ‘न’चा मराठी ‘ण’ कसा होतो हे ‘निशाण’ आणि ‘पिकदाणी’ सांगतात. गुजरातीतल्या ‘साबू’कडे बोट दाखवून पोर्तुगीजवाद्यांनी आपला दावा पुन्हा गुदरला, तर पेशवाईच्या कागदपत्रांतला ‘कानू’ पुढे करावा: तोही अरबी ‘कानून’चाच, शेवटचा ‘न’ गमावून बसलेला. हिंदीत ‘साबून’चे ‘साबुन’ झाले, मराठीने त्या ‘उ’चीही झीज करून ‘साबण’ केले; कुळाचा कागद सरळ आहे.

शब्दांनी नाते जपले तरी वस्तूंनी पुढे वेगळ्या वाटा धरल्या. 1823 साली शेव्र्यल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्राणिज स्नेहांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि घट्ट चरबीतून निघालेल्या आम्लाचे नाव ग्रीकमधल्या सुएटवाचक ‘स्तेआर’वरून पडले, ते स्टिअरिक आम्ल सुएटला घट्टपणा देते आणि साबणाच्या वडीलाही. 1857च्या काडतुसांनी चरबी हा शब्द ज्या देशात ज्वालाग्राही केला, त्या देशात पुढे 1918च्या सुमारास मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीवाचून, वनस्पतितेलाचा साबण काढला, आणि येथेही सापो सेबुमपासून विभक्त झाला.

वैद्यकाने मात्र लॅटिन नाव टाकले नाही: माणसाच्या त्वचेतून जो तेलकट अंश पाझरतो त्यालाही डॉक्टर सीबमच म्हणतात, आणि तोच काढण्यासाठी आपण साबण लावतो. बाईंचे पुडिंग भांड्यात चढले की त्या कोमट पाण्याखाली हात धरीत. सुएटचा थर साध्या पाण्याला दाद देत नसे, पांढरट होऊन बोटांच्या पेरांत बसून राही. मग त्या साबणाची वडी उचलीत, दोन्ही तळवे एकमेकांवर फिरवीत, आणि पाहता पाहता तो थर फेसात मिसळून निघून जाई. त्या तळव्यांमध्ये एकाच घराण्याची दोन माणसे समोरासमोर येत होती, हे ज्या दिवशी मला उमगले त्या दिवसापासून परका वाटणारा तो ओटा मला आपल्या घरचा वाटू लागला.