जुन्या लष्करी रायफली आणि गोळीचे वजन : ०.३०३ काडतुसाच्या इतिहासाचा एक विचार

प्रस्तावना

काडतूस झाडले की गोळी निघून जाते आणि पितळी पुंगळी मागे उरते. या पुंगळीत नवे प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा सिद्ध करणे म्हणजे पुनर्भरण होय. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतील जुन्या लष्करी रायफलींचे अभ्यासक-नेमबाज हा उद्योग हौसेने करतात. भारतात ०.३०३ हा बोर सर्वसामान्य परवानाधारकास निषिद्ध असल्याने येथे तसा प्रसंग क्वचितच येतो. मात्र गोळी किती वजनाची घ्यावी, हा जो पहिला प्रश्न त्या नेमबाजांपुढे उभा राहतो तो मूलतः इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय कोलकात्यालगतच्या दमदम येथे घडलेला आहे. प्रस्तुत लेखात ब्रिटिश ०.३०३ काडतूस मध्यवर्ती धरून या प्रश्नाचा विचार केला आहे.

गोळीचे वजन ग्रेन या परिमाणात सांगण्याची प्रथा आहे. एका पौंडाचे ७००० ग्रेन होतात, सुमारे १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम.

२१५ ग्रेनची गोळी

१८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची शिशाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे तब्बल ३१ ग्रॅमची होती. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल आली तेव्हा नळीचा व्यास ०.४५ इंचावरून ०.३०३ इंचावर उतरला आणि गोळीचे वजन २१५ ग्रेन झाले. वजन निम्म्याहून कमी झाले, तरी व्यासाच्या मानाने ही गोळी बरीच लांब होती. बोथट नाकाची, कप्रो-निकेलच्या आवरणाची ही गोळी प्रारंभी काळ्या दारूवर आणि पुढे कॉर्डाइट या धूररहित दारूवर चालू लागली. कॉर्डाइटच्या उष्णतेने मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजत, म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एनफिल्ड पुढे आली.

लांब गोळी हवेत डोलू नये म्हणून तिला वेगाने फिरवावे लागते. ली-मेटफर्ड व ली-एनफिल्ड यांच्या आट्यांचा पीळ दर १० इंचांस एक फेरा, तोही डावीकडे, असा ठेवण्यात आला. किती पीळ हवा याचे सूत्र गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडले होते. त्या सूत्रात गोळीची लांबी व व्यास येतात, वजन येत नाही. नेमबाज ज्याला वजनाची निवड म्हणतात ती अर्ध्याहून अधिक लांबीची निवड असते, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

वजनाच्या आकड्याआड काय दडू शकते, याचे अधिक विदारक उदाहरण वायव्य सरहद्दीवर सापडते. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर अशी तक्रार झाली की ही आवरणयुक्त गोळी शरीरातून आरपार जाते, पण हल्ला करणाऱ्याला थांबवत नाही. त्यावर दमदमच्या शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरील आवरण काढून तेथील शिसे उघडे ठेवले. गोळीचे वजन तसेच राहिले. जखमेचे रूप मात्र पूर्णतः पालटले. ‘दमदम गोळी’ हा शब्द तेथून जगभर गेला. पाठोपाठ ब्रिटनमध्येही पोकळ टोकाच्या गोळ्या सिद्ध झाल्या. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डाग यांनी अशा गोळीचे समर्थन केले. ‘रानटी’ शत्रू साध्या गोळीने थांबत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. सरहद्दीवरील माणसाच्या देहाला निराळे माप लावणारा हा विचार होता आणि तो सभ्य भाषेत मांडला गेला, एवढेच. ब्रिटनने त्या जाहीरनाम्याला मान्यता दिली ती १९०७ मध्ये.

टोकदार गोळी आणि १७४ ग्रेन

दरम्यान युरोपात निराळेच स्थित्यंतर घडत होते. फ्रान्सने १८९८ मध्ये टोकदार गोळीचा मार्ग दाखविला. जर्मनीने १९०५ मध्ये २२७ ग्रेनची बोथट गोळी सोडून १५४ ग्रेनची टोकदार गोळी स्वीकारली. अमेरिकेने १९०६ मध्ये २२० वरून १५० ग्रेनवर उडी घेतली. हलकी व टोकदार गोळी अधिक वेगाने निघते, तिचा मार्ग सपाट राहतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधतो.

ब्रिटनने १९१० मध्ये मार्क ७ ही १७४ ग्रेनची गोळी आणली. वेग सेकंदाला सुमारे २०६० फुटांवरून २४४० फुटांवर गेला. या गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखे हलके द्रव्य भरलेले असे. त्यामुळे वजन ४१ ग्रेनने घटूनही लांबी जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली आणि जुन्या आट्यांचा पीळ तसाच उपयोगी पडला. याच रचनेमुळे गुरुत्वमध्य मागे सरकला व शरीरात शिरताच गोळी उलटू लागली. हेगच्या शब्दांत ती बसत होती. दमदमच्या तक्रारीचे उत्तरही त्यात परस्पर मिळून गेले होते. हा परिणाम योजून साधला की ओघाने आला, यावर वाद घालता येईल. तो झाला, हे मात्र निर्विवाद आहे.

भारतात ही काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तयार होत. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरे पुंगळीच्या बुडावर उमटवलेली असत.

रायफलीने धरून ठेवलेली स्मृती

नळीचा पीळ तोच राहिला तरी साईट तीच राहू शकली नाही. मागच्या साईटच्या पट्टीवरील अंतराचे आकडे एका विशिष्ट गोळीसाठी कोरलेले असतात. मार्क ७ आल्यावर ब्रिटिशांना जुन्या रायफलींच्या साईट बदलाव्या लागल्या. जर्मन गेवेर ९८ मध्ये तर टोकदार गोळीनंतर पट्टीवरील पहिला आकडाच २०० मीटरऐवजी ४०० मीटर झाला. स्वीडनने याहून सरळ उपाय केला : नवी १३९ ग्रेनची गोळी आल्यावर ती १०० मीटरवर किती वर लागते, याची सूचना देणारी पितळी चकतीच रायफलीच्या दस्त्यावर बसविली.

म्हणूनच ली-एनफिल्डसाठी पुनर्भरण करणाऱ्याने आधी साईट पाहणे श्रेयस्कर. मार्क ७ साठी आखलेली पट्टी असेल तर १७४ किंवा १८० ग्रेनची गोळी आकड्यांशी बरीच जुळते. साईट न बदललेली जुनी लांब रायफल २१५ ग्रेनच मागते. १५० ग्रेनच्या गोळीचा धक्का सौम्य असतो, हा तिचा खरा गुण. परंतु धक्क्याने नळी वर उचलली जाण्यापूर्वीच ती बाहेर पडत असल्याने जवळच्या अंतरावर बहुधा खाली लागते. ती आखूडही असते. झिजून लांबलेल्या घशातून तिला आट्यांपर्यंत मोठी उडी घ्यावी लागते आणि अचूकता ढळते. व्यासाचा प्रश्न तर वजनाहूनही आधी सोडवावा लागतो. ०.३०३ हे नळीचे नाममात्र माप आहे, गोळी प्रत्यक्षात ०.३११ इंचाच्या आसपास असते. जर्मनीत १९०५ मध्ये वजनाबरोबर व्यासही ०.३१८ वरून ०.३२३ इंचावर गेला. तेथे जुन्या नळीत नवी गोळी घालणे जिवावर बेतू शकते. नळीचे प्रत्यक्ष माप घेतल्याशिवाय वजनाची चर्चा व्यर्थ होय.

खुद्द सैन्यांनाही एका आकड्यावर स्थिर राहता आले नाही. पहिल्या महायुद्धात मशीनगनचा पल्ला अपुरा पडल्याचे पाहून अमेरिकेने १९२६ मध्ये सुमारे १७२ ग्रेनची गोळी घेतली आणि १९४० मध्ये ती पुन्हा १५० च्या आसपास परतली. नव्या गोळीचा पल्ला सरावाच्या मैदानांनाच पुरेना, हे त्यामागील एक कारण होते.

भारतात १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डचाच साचा ठेवून ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाची २ए ही रायफल घडविली. गोळी आता सुमारे १४७ ग्रेनची होती. मागची साईट मात्र प्रथम जुन्या रायफलीप्रमाणे २००० पर्यंतच्या आकड्यांची राहिली. २ए१ या पुढील रूपात ती बदलून ८०० मीटरपर्यंतची पट्टी बसविण्यात आली.