पहाटेचा खो-खो

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पीटीचे सर कुठून आले याच्या दोन कथा आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आजोबा सांगायचे, सर कांदिवलीहून आले. मुंबई सरकारनं १९३८ साली तिथं शारीरिक शिक्षणाची संस्था काढली होती. तिथून शिकून आलेला मास्तर म्हणजे पांढरी पँट, गळ्यात शिट्टी आणि लेझमीचे सगळे हात तोंडपाठ. आत्या म्हणते, "कसलं कांदिवली! ते आपल्याच तालमीतलं. कांदिवली मागनं झाली, पगार वाढावा म्हणून." मी आत्याच्या बाजूचा. परक्या माणसाच्या शिट्टीवर आमच्या गावानं त्या काळात आपल्या पोरी पळू दिल्या नसत्या.

खो-खोचा लिहिलेला इतिहास पुण्यातून सुरू होतो. १९१४ साली डेक्कन जिमखान्यानं नियम बांधले, १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. सगळं खरं. पण नियम छापले म्हणून खेळ गावात पोचत नाही. कुणीतरी जमीन साफ करून, फक्की मारून, दोन खांब रोवावे लागतात. आमचे खांब बाभळीचे होते, सरांनी स्वतः तासलेले, जमिनीवर चार फूट. आजोबा शाळेत कारकून. त्यांच्या टेबलावर बिल आलं ते फक्त चुन्याचं.

मुलांचा संघ काय, कुठंही होतो. सरांना मुलींचा हवा होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांची रीत मात्र आत्याला पक्की आठवते. ते मुलीच्या बापाकडे जातच नसत. दुपारी, बाप रानात असताना, घरातल्या म्हातारीला भेटायला जायचे. चहा घ्यायचे, गुडघ्याच्या दुखण्याची चौकशी करायचे, आणि उठता उठता विचारायचे. म्हातारीनं 'जाऊ दे की' म्हटलं की रात्री मुलगा काय बोलणार? माझ्या पणजीनं मात्र एक अट घातली होती. मैदानावर बाईमाणूस पाहिजे.

म्हणून सराव पहाटे, पहिली एसटी सुटायच्या आत. आणि मैदानाच्या कडेला, कंदील शेजारी ठेवून, सरांच्या पत्नी धान्य निवडत बसायच्या. मुली त्यांना काकू म्हणायच्या. ज्यांच्या घरी हरकत होती त्यांना काकू येता-जाता दारापर्यंत सोडायच्या. पहिल्या वर्षी मुली परकराचा काचा मारून पळाल्या. पुढच्या वर्षी काकूंनी जुन्या चादरींच्या निळ्या चड्ड्या शिवल्या, गुडघ्याच्या खाली येतील अशा. मग दर वर्षी त्या थोड्या थोड्या आखूड होत गेल्या. गावाच्या लक्षात येणार नाही इतक्याच. सरांचं नाव निदान म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येतं. काकूंचं तेवढंही नाही. संघाच्या खऱ्या व्यवस्थापक त्याच होत्या असं माझं स्पष्ट मत आहे.

खो-खोत नुसत्या वेगाचा फार उपयोग नसतो. आठ गडी चौकात बसलेले, एकाआड एक उलट्या तोंडाचे. पाठलाग करणाऱ्यानं मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळायचं नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा निसटतो. म्हणजे जिंकतो तो पळणारा पाय नव्हे, खो कुणाला आणि केव्हा द्यायचा हे ओळखणारं डोकं. सर मुलींना चौकात डोळे मिटून बसवायचे आणि नुसत्या पावलांच्या आवाजावरून विचारायचे, "कुठाय ती आता? कितव्या चौकात?" चुकली तर ओरडणं नाही, फक्त "पुन्हा." पहाटेच्या अंधारात तसंही काही दिसत नसेच. अडचणीचीच त्यांनी तालीम करून टाकली. आत्याला आजही माजघरात बसून जिन्यावरून कोण येतंय ते कळतं, आणि ती ते मोठ्यानं जाहीर करते. घरातल्या तरुण मुलांना याचा बराच त्रास झाला आहे.

मग १९७२ चा दुष्काळ. शाळेची विहीर आटली, मैदानावर शिंपायला पाणी नाही. खांबावर सूर मारला की कोपर आणि गुडघे सोलून निघायचे. सरांनी दोन्ही खांबांपाशी जमीन कुदळीनं उकरून तिथं चाळलेली माती भरली. घरोघरी लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, कामावर सुकडी. संघातल्या दोघी आईबरोबर खडी फोडायला जायच्या. सर सायकलवर तिथं जाऊन मुकादमाला गाठायचे: हजेरी लावा, पण पोरींना तासभर आधी सोडा. त्या वर्षी त्यांनी पळणं निम्म्यावर आणलं. उपाशी पोरीला पळवायचं नाही, हा त्यांचा नियम. बाकीचा वेळ डोळे मिटून बसणं, खो देणं, उठणं.

आजोबांच्या कथेत हा संघ त्या वर्षी जिल्ह्याला जिंकतो. पाटलांच्या बैलगाडीतून मिरवणूकही निघते. आत्या स्वतः खेळत होती. ती म्हणते, "हरलो. एका गड्यानं. मिरवणूक कसली, येताना एसटीत उभ्यानं आलो." दुष्काळाच्या वर्षी गावाला एक जिंकणं हवं होतं, ते गावानं बनवून घेतलं असणार. हरल्याची कथा मला जास्त विश्वासाची वाटते. खोटं सांगायचं तर कुणी एसटीत उभं राहिल्याचं सांगत नाही.

पुढचं थोडक्यात. सर निवृत्त झाले. शाळेत पीटीचा तास दहावीच्या गणिताला देऊन टाकायची पद्धत पडली. संघ मोडला. मुली लग्न होऊन कोरेगाव, इस्लामपूर, मुंबईला गेल्या.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. आत्यानं ती अंतिम लढत माझ्या मोबाइलवर पाहिली. मॅटवर खेळतात हे तिला आवडलं, "गुडघं तरी शाबूत राहतील." गुणांचा आकडा मात्र पटला नाही. "हे काय परीक्षेचं मार्क हाईत?" मग तिनं कर्णधाराचं नाव विचारलं. मी सांगितलं, प्रियंका इंगळे. तिचा पुढचा प्रश्न होता, "आडनाव माहेरचं का?"

तो प्रश्न का आला ते मला नंतर कळलं. आत्याकडे संघाचा एक फोटो आहे. बारा मुली, मागे सर, कडेला अर्ध्या कापल्या गेलेल्या काकू. त्यातल्या पाच जणींचा तिला पत्ता लागत नाही, कारण त्यांची सासरची नावं तिला ठाऊक नाहीत, आणि काहींची तर लग्नात पहिली नावंही बदलली. प्रमाणपत्रावरची खेळाडू आणि आज कुठल्यातरी गावात राहणारी आजी, या दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद कुठंच नाही.

तुमच्या घरी, शाळेत असे जुने फोटो असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि फोटोच्या मागं नावं लिहून ठेवा. मुलींची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. आणि कडेला कंदील घेऊन कोण बसायचं, तेही.